मधोमध बसलेला मालगुजार

भय्यासाहेब गेले आणि पंधरवड्यातच शाळेच्या संस्थेचे दोन सभासद माझ्या दारात हजर झाले. म्हणाले, "मास्तर, भय्यासाहेबांची मोठी तसबीर काढून द्या. हॉलमध्ये लावायची हाये." मी म्हटलं, जमणार नाही. त्यातला एक माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "काऊन? हात थरथरते काय आता?" हात ठणठणीत आहे माझा. पण हार घालून लावायच्या तसबिरीत चेहऱ्यावर जे काढावं लागतं, ते त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नाही. जे पाहिलं ते काढलं तर हे लोक तसबीर परत आणून देतील. म्हणून रंग बाजूला ठेवले आणि हे लिहायला बसलो.

गोंदियाच्या आमच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवत होतो आणि ते शास्त्र. आमगावकडच्या एका मालगुजाराचे, म्हणजे गावांचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचे, ते धाकटे चिरंजीव. नागपूरला राहून बी.एस्सी.पर्यंत पोचले होते. पुढे काय झालं ते कोणी विचारायचं नाही, आणि विचारलंच तर "प्रकृती बिघडली" असं उत्तर यायचं. मालगुजारी गेली तेव्हा घरात चार भाऊ, आणि हुकूम सोडायला खाली कोणीच उरलं नाही. शाळेची जमीन यांच्याच वडिलांनी दिलेली. मग काय, धाकट्याला शाळेत चिकटवून दिलं. इथे हुकूम ऐकायला दोनशे पोरं आयती होती.

त्यांना कोणी 'गुरुजी' म्हटलेलं चालत नसे. 'भय्यासाहेब' म्हणायचं. पोरं मात्र तोंडातून सुटलंच तर 'गुर्जी' म्हणायची आणि कान पिळून घ्यायची. रोज दमणीत बसून यायचे. मालगुजारी गेली तरी दमणीच्या बैलांच्या गळ्यातले घुंगरू गेले नव्हते, त्यामुळे ते येत असल्याचं सगळ्या रस्त्याला आधीच कळायचं. स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळा, खुर्ची वेगळी, आणि ती खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध. आम्ही बाकीचे भिंतीला लागून. पंखा नव्हता, म्हणून खिडकीशी बसणाऱ्याला तेवढी तरी हवा मिळायची. हे मधे घामाने निथळत बसायचे, पण जागा सोडायचे नाहीत. असली मिजास! घाम पुसत पुसत मिजास.

त्यांचं सारं शास्त्र एका गोष्टीत मावायचं. पेशी म्हणजे गाव, आणि पेशीच्या मधोमध जे केंद्रक असतं तो मालगुजार. हे ते इतकं रंगवून सांगायचे की पहिल्या वेळी मलाही गंमत वाटली. पेशीभित्ती म्हणजे गढीचा कोट. तिच्या आतला पातळ पडदा म्हणजे दारावरचा कोतवाल. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, ते तो ठरवणार. पानातले हिरवे कण म्हणजे रयत, उन्हात राबून सगळ्यांचं अन्न शिजवणारी. रसाने भरलेली पोकळी म्हणजे गावचा तलाव. प्राण्यांच्या पेशीला कोट नाही, कारण प्राणी फिरस्ते. स्नायूची पेशी हमाल, मज्जेची पेशी लांब शेपटीचा डाकवाला. आणि हे सगळं कोणाच्या हुकुमाने चालतं? मग खडूने फळ्यावर मधोमध एक वर्तुळ ठोकायचे. "याच्या! सरकारने कायदा करून गावातून मालगुजार काढला. पेशीतून काढून दाखवा म्हणावं!"

पोरं खाली माना घालून हसायची. त्यांच्यातल्या निम्म्यांचे बाप काल-परवापर्यंत यांच्यासारख्यांच्याच शेतात धान रोवत होते.

एकदा त्यांनी मला वनस्पतीच्या पेशीचा मोठा तक्ता कापडावर रंगवायला सांगितला. मी म्हटलं, भय्यासाहेब, मला एकदा दुर्बिणीतून दाखवा, मग काढतो. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक. पोरं त्याला दुर्बीण म्हणायची, आम्हीही तेच म्हणत होतो. ती काचेच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली यांच्या जानव्याला. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिला बाहेर काढून हळद-कुंकू लावायचे. पोरांनी रांगेने यायचं, हात जोडायचे आणि पुढे सरकायचं. नळीला डोळा लावायचा असतो हे त्या शाळेतून मॅट्रिक होऊन गेलेल्या कित्येकांना आजही ठाऊक नसेल.

मी हट्टच धरला तेव्हा नाक मुरडत कपाट उघडलं. मी कांद्याचा पापुद्रा सोलून काचेवर ठेवला, आरशाने ऊन आत घेतलं आणि पाहिलं. अहाहा! विटा रचाव्या तशा पेशी, एकीला एक लागून. पण मधोमध काहीच नव्हतं. सगळी जागा पाण्याने अडवलेली, आणि केंद्रक बिचारं एका कडेला, भिंतीला चिकटलेलं. मी म्हटलं, "भय्यासाहेब, तलावाने गाव व्यापलाय. मालगुजार काठाला पाळीवर बसलेत."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "कांदा शिळा आहे."

तक्त्यात केंद्रक मधोमध काढायला लावलं. लाल रंगात, पेरूएवढं. खाली कोपऱ्यात माझी सही असते, ती मी तेवढ्या तक्त्यावर केली नाही.

आता सुकरामबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय या माणसाची ओळख पुरी होत नाही. सुकराम चिचगडच्या पलीकडच्या जंगलपट्टीतला गोंडांचा पोरगा. बोर्डिंगात राहून शिकत होता. त्याच्या गावातून मॅट्रिकपर्यंत आलेला तो पहिलाच. त्याला जंगल खात्यात नोकरी करायची होती, आणि त्यासाठी मॅट्रिकचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. बारीक अंगाचा, बोलायला कमी, पण बोलला की नेमका. ड्रॉइंगमध्ये हात असा की बैलाच्या पायाचं हाड वाकतं कुठे ते मला त्याला सांगावं लागलं नाही.

एक त्रास होता त्याला. मधूनच हाडं दुखायची. साधं दुखणं नाही हो. गुडघे, कोपरे सुजायचे, डोळे पिवळे पडायचे, आणि पोरगा चादर तोंडात धरून पडून राहायचा. थंडीत जास्त. मग आपोआप बरं व्हायचं आणि तो परत वर्गात येऊन बसायचा. त्याची गैरहजेरी झाली की भय्यासाहेब त्याला उभं करायचे. "आले का महाराज? आज कोणतं हाड?" एका वर्षी तो घरच्यांबरोबर कचारगडच्या जत्रेला पायी गेला आणि तिथून आल्यावर आठवडाभर अंथरुणातून उठला नाही. झालं, भय्यासाहेबांना कोलीतच मिळालं. "जत्रेला चालतात पाय, शाळेला दुखतात!"

पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. रक्तातल्या पेशी शिकवताना भय्यासाहेब पुस्तकातून वाचून गेले की माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. वाचून पुढेही सरकले. मागून सुकराम उठला.

"गुर्जी, मंग या गावाचा मालगुजार कोन?"

वर्ग फुटला. मी शेजारच्या वर्गात होतो, तिथपर्यंत हसू आलं. भय्यासाहेब म्हणाले, "मालगुजार दौऱ्यावर आहेत." पोरं आणखीच हसली. सुकराम हसला नाही. तो अगदी मनापासून म्हणाला, "पन काम त चालूच हाये न जी. सगळ्या अंगाले हवा तेच पोचवते."

त्या दिवशी तो शाळा सुटेपर्यंत मैदानात उन्हात उभा होता.

नंतर काही महिन्यांनी इन्स्पेक्टर यायचे होते. भय्यासाहेबांना रक्तपेशींचा नवा तक्ता पाहिजे झाला आणि मी अटच घातली की पाहिल्याशिवाय ब्रश उचलणार नाही. साहेब येणार म्हणून का होईना, कपाट उघडलं. रक्त कोणाचं? स्वतःचं बोट टोचून घ्यायला मालगुजाराचं रक्त काय रस्त्यावर पडलंय! त्यांनी वर्गावर नजर फिरवली. "सुकराम, इकडे या महाराज. आळशी रक्त कसं दिसतं ते पाहू."

पोराने मुकाट्याने बोट पुढे केलं. थेंब काचेवर घेतला, वर दुसरी काच ठेवली. भय्यासाहेबांनी डोळा लावला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "वाळलं," म्हणाले. दुसरा थेंब घेतला. पुन्हा आठ्या. मग मला म्हणाले, "पाहा तुम्ही, तुमचाच हट्ट."

मी पाहिलं. गोल पेशी होत्या, पण त्यांच्यात कितीतरी लांबट, टोकदार, वाकलेल्या. मी कागद ओढला आणि दिसलं तसं काढायला लागलो. भय्यासाहेब खांद्यावरून डोकावले. "हे काय काढता? तांबडी पेशी गोल असते."

"मला दिसतंय ते काढतोय."

"पुस्तकात गोल आहे!"

मी म्हटलं, थांबा, माझं रक्त घ्या. सुई घेऊन स्वतःच बोट टोचलं. माझ्या थेंबात पाहिलं तर सगळ्या पेशी गोल, एकजात गोल. एकाच दुर्बिणीत, एकाच उन्हात, एकाच पाच मिनिटांत. यापुढे आणखी काय पाहिजे होतं? आंधळ्यालाही कळलं असतं की या पोराच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे. ते काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी ड्रॉइंग मास्तर. त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्याचा मी त्यांना दोष देत नाही. त्या वेळी तिथे कोणालाच ठाऊक नसेल.

पण भय्यासाहेब काय म्हणाले? माझा थेंब पाहून त्यांचा चेहरा खुलला. "ही पाहा, ही बरोबर आली. हीच काढा."

सुकरामने विचारलं, "मी पाहू काय जी?" आणि ते नाही म्हणायच्या आत मी त्याला पुढे ढकललं. त्याने आधी माझं रक्त पाहिलं, मग स्वतःचं. खूप वेळ पाहिलं. डोळा न काढताच बोलला, "माये इळ्यावानी हायेत, मास्तर. धान कापाच्या इळ्यावानी." मग वर पाहून भय्यासाहेबांना म्हणाला, "म्हनून त दुखत नसंल, गुर्जी? हे आत कुठी अडकत असंल काय?"

सोळा वर्षांच्या पोराने एवढं विचारलं. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला काही पैसे पडत नाहीत. भय्यासाहेब म्हणाले, "आळशी माणसाचं रक्तही वाकडंच असणार." आणि स्वतःच हसले.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, या पोराला काचेसकट मोठ्या दवाखान्यात पाठवू. दोन ओळी लिहून द्या, डॉक्टर पाहतील. तर माझ्यावरच डोळे वटारले. "आणि त्यांनी मला विचारलं हे काय आहे म्हणून, तर काय सांगू? एका जंगलातल्या पोरापायी डॉक्टरसमोर माझी शोभा करून घेऊ?" असं म्हणून त्यांनी दोन्ही काचा उचलल्या, नळाखाली धरल्या, धुतल्या, पुसल्या, कपाटात ठेवल्या आणि किल्ली जानव्याला बांधली. मी काढत होतो तो कागद फाडून टाकला. तक्ता मी केला नाही, त्यांनीच केला. भोकाचा पैसा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. बाहेरचं गोल, आतलं गोल, झाली पेशी. इन्स्पेक्टरांनी तारीफ केली. पुढे कित्येक वर्षं आमच्या शाळेतली पोरं तांबड्या पेशीला मधे नुसता खळगा नाही, आरपार भोक असतं असं लिहीत होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मॅट्रिकला कोणाला बसवायचं ते ठरवायची बैठक झाली. सुकरामचे मार्क चांगले होते, हजेरी कमी होती. हेडमास्तर भला माणूस, पण यांच्या जमिनीवर शाळा उभी, त्यामुळे यांच्यासमोर त्याचा आवाज फुटत नसे. तरी तो म्हणाला, "आजारी असतो बिचारा. बसवू या." मीही म्हटलं. यावर भय्यासाहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "आजारबिजार काही नाही. मी स्वतः दुर्बिणीतून त्याचं रक्त तपासलं आहे. रक्तात काहीही दोष नाही. नुसता आळस आहे."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हे खोटं आहे, मी पाहिलंय. तर म्हणतात, "तुम्ही शास्त्र शिकवता का ड्रॉइंग?" सगळे खाली पाहायला लागले. अशा रीतीने शास्त्राने निकाल दिला आणि सुकरामचं नाव गेलं.

तो पेटी उचलून गावी निघाला तेव्हा मी बसपर्यंत गेलो होतो. म्हटलं, पुढच्या वर्षी बाहेरून बस, मी पाहतो. तो म्हणाला, "पुढच्या सालपर्यंत काय करू, मास्तर? बांबूच्या कामावर जातो." त्या अंगाने तो बांबूच्या मोळ्या वाहत होता, ओढ्याच्या थंड पाण्यातून. आलेल्या पहिल्याच थंडीत दुखणं उठलं आणि तो गेला. बोर्डिंगातल्या पोरांकडून मला कळलं.

मी तसाच स्टाफरूममध्ये गेलो. मधल्या खुर्चीसमोर उभा राहून सांगितलं, "भय्यासाहेब, सुकराम मेला." ते म्हणाले, "अरेरे. जंगलात औषधपाणी मिळत नाही ना." आणि चपराशाला पान आणायला पाठवलं. त्या माणसाशी त्यानंतर मी कामापुरतंही धड बोललो नाही. थू त्या शास्त्रावर!

त्यांच्याकडे मी नीट असं शेवटचं पाहिलं ते चिचगडला. तोवर आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. नागपूरहून एक तरुण डॉक्टर जंगलपट्टीतल्या लोकांचं रक्त तपासत गावोगाव फिरत होता. त्याच्या मदतीला शाळांनी आपापली दुर्बीण आणि शास्त्राचा मास्तर पाठवावा असं वरून आलं. वरून आल्यावर भय्यासाहेबांची किल्ली लगेच सुटली. रेखाटनं करायला मला बोलावलं होतं, म्हणून मीही गेलो.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. मुलंबाळं घेऊन बाया रांगेत बसल्या होत्या. डॉक्टर साधा, गोड बोलणारा. दुपारी त्याने एका काचेवर बोट ठेवून आम्हाला बोलावलं आणि समजावून सांगितलं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक नसांतून जाताना अडकतात, मग पुढे रक्त पोचत नाही, हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात. आईबापांकडून येतो. औषध अजून नाही. पण कळलं तर माणसाला जपता येतं. थंडीत, थंड पाण्यात राहू द्यायचं नाही, जड काम सांगायचं नाही, पाणी भरपूर पाजायचं. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, म्हणाला.

मी भय्यासाहेबांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. छे! मान आणखी ताठ झाली. घसा खाकरून, बसलेल्या सगळ्या बाया-माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला आज सापडलं. मी हे पाच-सहा वर्षांपूर्वीच माझ्या शाळेत पाहिलं आहे. या मास्तरांना विचारा. यांच्यासमोरच पाहिलं. एका पोराच्या रक्तात अगदी अश्शा वाकड्या पेशी होत्या. मी तेव्हाच ओळखलं, हे काही साधं नाही."

डॉक्टर चकित झाला. "कोणाच्या रक्तात? नाव काय त्याचं?"

"नाव कोण लक्षात ठेवतं? होता कोणी जंगलातला पोरगा."

रांगेतून एक बाई उठली. बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी होती, तिला गोंडीत काहीतरी सांगून खाली बसवलं आणि टेबलाशी आली. मी तिला बोर्डिंगात एक-दोनदा पाहिलं होतं, पोराला चिवडा-मोहाचे लाडू घेऊन यायची. सुकरामची माय. तिने आवाज चढवला नाही.

"माया सुकराम होता थो," ती म्हणाली. "तुमाले दिसलं होतं?"

भय्यासाहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं. सगळा व्हरांडा त्यांच्याकडे पाहत होता.

"दिसलं होतं, त मंग आळशी काऊन म्हनलं माया पोराले?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी 'खरं आहे' अशी मान हलवली. भय्यासाहेब वळले आणि एकदम दुर्बिणीवर वाकले, जसं काही फार महत्त्वाचं पाहायचं राहून गेलं होतं. डोळा नळीला लावला, हाताने स्क्रू फिरवत राहिले. ऊन तोवर व्हरांड्यावरून उतरलं होतं. खालचा आरसा काळा पडला होता.

डॉक्टर हळूच म्हणाला, "साहेब, ऊन गेलं. आता काही दिसणार नाही."

त्यांनी डोळा काढला नाही. त्या अंधाऱ्या नळीत पाहत तसेच वाकून राहिले. पलीकडे सुकरामची माय उत्तरासाठी उभीच होती.